उजेडातली डार्करूम

इन्स्टंट कॅमेरा म्हटलं की बहुतेकांना प्लॅस्टिकचा जाडजूड डबा आठवतो. त्या डब्याचा पूर्वज मात्र घडी घालून कोटाच्या खिशात मावायचा! पोलरॉइड एसएक्स-७०, साल १९७२.

गोष्ट सुरू होते १९४३ मध्ये. सांता फे इथे सुट्टीवर असताना एडविन लँडला त्याच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही दिसत? १९४८ साली बॉस्टनच्या एका दुकानात त्याचा पहिला इन्स्टंट कॅमेरा विकायला आला. पण त्यात कागद ओढायचा, मिनिटभर थांबायचं, मग फोटो सोलून काढायचा. उरायचा तो चिकट कचरा. लँडला हे सगळंच नको होतं.

एसएक्स-७० मिटलेला असताना जेमतेम इंचभर जाड. वर ओढला की आरसे आपापल्या जागी बसतात आणि हातात येतो चक्क एसएलआर. दहा इंचांवरची वस्तूही फोकस होते. बॅटरी कॅमेऱ्यात नाहीच, ती फिल्मच्या पाकिटात! दर दहा फोटोंमागे नवी. किंमत १८० डॉलर, म्हणजे त्या काळी भारीच.

पण मला खरी कमाल वाटते ती फिल्मची. फोटो बाहेर पडताना दोन रुळांमध्ये दाबला जातो, कडेची रसायनाची पुडी फुटते आणि रसायन आत पसरतं. पण बाहेर तर लख्ख ऊन, मग फिल्म खराब कशी होत नाही? शाळेतलं फिनॉल्फथॅलिन आठवतंय? अल्कलीत गुलाबी, आम्लात रंगहीन. त्याच जातीचे गडद रंग या रसायनात घातले होते. फोटो तयार होईपर्यंत ते उजेड अडवतात. मग अल्कली कमी होत जाते, रंग नाहीसे होतात आणि चित्र दिसू लागतं. डार्करूम कागदातच!

पुढे डिजिटल आलं. २००१ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि २००८ मध्ये फिल्म बंद करत असल्याचं सांगितलं. हॉलंडमधल्या एन्सखेडेच्या कारखान्यातली यंत्रं काही जणांनी वाचवली, जुने कामगारही सोबत घेतले. यंत्रं होती, माणसं होती, पण लागणारी कित्येक रसायनं जगात कुणी बनवतच नव्हतं. फिल्म जवळजवळ पहिल्यापासून शोधावी लागली. २०१० मध्ये ती बाजारात आली तेव्हा फोटो बाहेर पडताक्षणी हातानं झाकावा लागे. कारण? नेमका तो उजेड अडवणारा थरच पूर्वीसारखा जमला नव्हता!

आपण म्हणतो, एकदा लागलेला शोध कायमचा. पण तो टिकतो रोज कुणीतरी ते काम करत असतं म्हणून. आज या कॅमेऱ्याची फिल्म पुन्हा मिळते, पाकिटात दहाऐवजी आठ. आणि फोटो झाकायची सूचना अजूनही आहेच.