पान जुने, शाई नवी

कोलंबस दिनाच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबर १९६५ रोजी, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने एक नकाशा जाहीर केला. मुहूर्त साधण्यात विद्यापीठाने खोडसाळपणा केला असे म्हणायला जागा आहे. चर्मपत्राच्या त्या तुकड्यावर युरोप, आफ्रिका, आशिया होतेच. शिवाय ग्रीनलंडच्या पलीकडे ‘विनलंड’ नावाचे मोठे बेट काढलेले होते. नकाशा १४४० च्या सुमाराचा ठरवला गेला. म्हणजे कोलंबस जन्मण्याआधीच युरोपात कुणीतरी अमेरिकेचा किनारा रेखाटून ठेवला होता! इटालियन वंशाचे अमेरिकन खवळले.

नॉर्स खलाशी तिकडे पोचले होते, हे त्याआधीच उघड होऊ लागले होते. १९६० साली न्यूफाउंडलंडमध्ये त्यांच्या वस्तीचे अवशेष सापडले होते. प्रश्न नकाशाचा होता, आणि त्याची कुळकथा संशयास्पद होती. १९५७ मध्ये तो बाजारात आला तेव्हा मंगोलांविषयीच्या एका जुन्या वृत्तांताबरोबर बांधलेला होता. दोन्हींना किडीने भोके पाडलेली, पण एकाची भोके दुसऱ्याच्या भोकांशी जुळेनात. मग योगायोगाने तिसरे हस्तलिखित हाती आले आणि कोडे सुटले: पुढे नकाशा, मधे हे हस्तलिखित, शेवटी वृत्तांत. भोके सलग लागली. किडीची साक्ष मिळाल्यावर आणखी काय हवे?

पण किडीने साक्ष दिली ती पानाची. जुन्या पोथीतले कोरे पान काढून त्यावर कालपरवा काही रेखाटले, तरी किडीची भोके तीच राहतात.

उत्तर शाईत होते. मध्ययुगीन युरोपातला लेखनिक बहुधा माजूफळाची शाई वापरी. माजूफळे कुटून भिजवायची, त्या अर्कात हिराकस घालायचा, थोडा डिंक मिसळायचा. ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की काळी पडते. शतके लोटली की तिच्यातले लोह आणि आम्ल पानात मुरतात. वरचा काळा थर झडतो आणि खाली पिवळट-तपकिरी डाग उरतो. आपल्याकडची मोडीतली जुनी दफ्तरे पाहणाऱ्याला हा अनुभव सहसा येत नाही. तिथली शाई काजळीची, दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटून केलेली. काजळी म्हणजे कार्बन. तो गंजत नाही, विटत नाही. कागदाची चाळण झाली तरी बोरूने काढलेले अक्षर काळेच राहते. पाणी लागले तर मात्र पसरते. अवरक्त प्रकाशात तर दोन्ही शायांचे बिंग लगेच फुटते: काजळीची अक्षरे ठळक राहतात, माजूफळाची पुसट होत दिसेनाशी होतात.

विनलंडच्या नकाशावरची प्रत्येक रेघ अशी दुहेरी होती, मधे काळी आणि भोवती पिवळी. जुन्या शाईची हुबेहूब लक्षणे. शिकागोचे सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांनी नीट पाहिले, तेव्हा काही ठिकाणी काळी रेघ पिवळीच्या मधोमध नव्हती, एका अंगाला सरकली होती. पिवळेपण काळ्या शाईतून झिरपले असते तर ते दोन्ही बाजूंना सारखे पसरायला हवे होते. म्हणजे आधी पिवळी रेघ ओढून मग तिच्यावर काळी गिरवली होती. पिवळ्या शाईचे कण त्यांनी तपासले, तर त्यांत अ‍ॅनाटेज निघाले. हा टायटॅनियम डायऑक्साइडचा एक प्रकार, आणि कणही कारखान्यातून यावेत तसे बारीक, एकसारखे. हे पांढरे रंगद्रव्य बाजारात आले १९२० च्या आसपास. मॅक्रोन यांचा निष्कर्ष १९७४ मध्ये जाहीर झाला.

प्रकरण इथे मिटायला हवे होते, पण मिटले नाही. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका गटाने प्रोटॉनांचा झोत वापरून नकाशा तपासला आणि टायटॅनियम अगदी नाममात्र आहे असे सांगितले. नकाशाच्या पाठीराख्यांना बळ आले. १९९५ मध्ये येलने नकाशावरचा ग्रंथ नव्याने काढला. मग २००२ साली दोन निकाल लागले. कार्बन कालमापनाने चर्मपत्र १४३४ च्या आगेमागे अकरा वर्षांतले ठरले, पान अस्सल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लेझरने शाई तपासली, तर पिवळ्या रेघांत अ‍ॅनाटेज आणि काळी शाई चक्क कार्बनची! कार्बनच्या शाईभोवती पिवळा डाग आपोआप पडतच नाही. म्हातारपणाचे सोंग आणणाऱ्याने शाईची जातच चुकवली होती.

२०२१ मध्ये येलनेच क्ष-किरणांनी अख्खा नकाशा छानला. टायटॅनियम रेघारेघांत होते, लोह जवळपास नव्हतेच. नकाशाच्या पाठीवर बांधणीसंबंधी जुनी लॅटिन टीप होती. तीही नव्या शाईने बदललेली निघाली, त्या तिसऱ्या हस्तलिखिताशी नाते दिसावे म्हणून. निव्वळ हौसेने काढलेला नकाशा असेल, अशी जी सबब उरली होती तीही त्यामुळे गेली. बनवणारा कोण, हे अजून ठरलेले नाही.

पानाचे वय अक्षराला चिकटवण्याचा मोह प्रामाणिक पोथीबाबतही होतो. पेशावरजवळच्या बख्शाली गावात १८८१ मध्ये सापडलेली गणिताची पोथी भूर्जपत्रांवर आहे आणि तिच्यात शून्यासाठी टिंब आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने २०१७ मध्ये तिच्या तीन पानांचे कालमापन जाहीर केले. एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकातले, दुसरे सातव्या-आठव्यातले, तिसरे नवव्या-दहाव्यातले निघाले. वर्तमानपत्रांनी अर्थातच सर्वांत जुने पान उचलले आणि शून्याचा इतिहास काही शतके मागे नेला. गणिताच्या इतिहासकारांनी हरकत घेतली: लिखाण एकसंध दिसते, विषय पानापानांतून सलग चालतो, तेव्हा सर्वांत नव्या पानाच्या आधी पोथी लिहिली जाणे शक्य नाही. २०२४ मध्ये आधीच्या तारखा मागे घेतल्या गेल्या. नवा अंदाज आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्याच्या आरंभापर्यंतचा आहे.