गच्चीवरचे पाणी : फिलाडेल्फिया, १९७६

जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे द्विशताब्दी वर्ष. ज्या फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, त्याच शहरातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफोर्ड या भव्य हॉटेलात २१ ते २४ जुलै या काळात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन भरले. दुसऱ्या महायुद्धातून सुखरूप परतलेले अनेक वृद्ध सैनिक त्यात होते.

अधिवेशन आटोपून मंडळी घरी परतली आणि काही दिवसांतच मृत्यूच्या वार्ता येऊ लागल्या. तीव्र ताप, खोकला, मग न्यूमोनिया. एकूण २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. यांतील काही जणांनी अधिवेशनात पाऊलही ठेवले नव्हते. ते केवळ हॉटेलसमोरच्या रस्त्यावरून गेले होते. तपासातील हाच सर्वांत बोलका धागा होता, पण त्याचा अर्थ तेव्हा कोणालाच लागेना.

त्या वर्षी देशभर स्वाइन फ्लूची धास्ती होती, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला. तो फिटला. मग निकेलच्या विषबाधेचा तर्क पुढे आला. तोही टिकला नाही. गिऱ्हाईक तुटलेल्या हॉटेलने नोव्हेंबरमध्ये दारे बंद केली. रोग मात्र अनामिकच राहिला.

उलगडा झाला तो एका शास्त्रज्ञाच्या अस्वस्थतेमुळे. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड यांनी नाताळच्या सुट्टीत, आधी पाहून बाजूला ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पूर्वी क्षुल्लक वाटलेले काही दंडाकृती जिवाणू त्यांना आता खटकले. अंड्यांतील संवर्धनात नेहमीच्या शिरस्त्याने प्रतिजैविके मिसळली जात होती आणि तीच या जिवाणूला मारत होती! ती वगळताच जिवाणू वाढला. १८ जानेवारी १९७७ रोजी शोध जाहीर झाला. पुढे त्याला ‘लीजनेला न्युमोफिला’ हे नाव मिळाले.

नवा होता तो शोध. जिवाणू जुनाच होता. जपून ठेवलेले नमुने तपासता १९६५ मधील वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयातील न उलगडलेल्या न्यूमोनियाचेही मूळ सापडले. त्याहून बोलके उदाहरण मिशिगनमधील पाँटिअॅकचे. तेथे १९६८ साली चक्क आरोग्य खात्याच्याच इमारतीत १४४ जण तापाने फणफणले होते. चौकशीला आलेले तज्ज्ञही त्यातून सुटले नाहीत. वातानुकूलन यंत्रणेतील दोषामुळे, उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातील दूषित तुषार थेट थंड हवेच्या नळ्यांत शिरत होते. तेथे कोणी दगावले नाही, एवढेच सुदैव.

हे घडते कसे? मोठ्या इमारतींच्या गच्चीवर शीतकरण टॉवर असतो. इमारतीतील उष्णता घेऊन आलेले पाणी तेथे फवाऱ्याने खाली पडते आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याचा काही अंश वाफ होऊन उरलेले निवते. वाफ उडते, क्षार, धूळ, गाळ मागे राहतो. त्यावर बुळबुळीत थर चढतो, त्यात अमीबा वाढतात आणि अमीबांच्या पोटात लीजनेला. कोमट पाणी त्याला विशेष मानवते. पंख्याबरोबर उडालेला सूक्ष्म तुषार वाटसरूच्या श्वासात गेला, की फुप्फुस गाठलेच. गाळ उपसणे, साचलेले क्षारयुक्त पाणी सोडून ताजे भरणे, जंतुनाशकाची मात्रा सांभाळणे, तुषार अडवणाऱ्या जाळ्या तपासणे ही कामे इतकी रटाळ, की अंदाजपत्रकात प्रथम कात्री लागते ती त्यांनाच.

बेलव्ह्यूच्या टॉवरवर संशय स्थिरावला, थेट पुरावा मात्र हाती आला नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या साऊथ ब्राँक्स भागात तोच रोग उद्भवला. १३८ रुग्ण, १६ मृत्यू. उगम एका हॉटेलचा शीतकरण टॉवर. त्याच ऑगस्टमध्ये शहराने प्रत्येक टॉवरची नोंदणी, नियमित तपासणी आणि सफाई कायद्याने बंधनकारक केली. तरीही सप्टेंबरअखेर शेजारच्या मॉरिस पार्कमध्ये नवे रुग्ण आढळले, आणि तपासात काही आठवड्यांपूर्वीच निर्जंतुक केलेल्या टॉवरांच्या पाण्यात लीजनेला पुन्हा वाढलेला मिळाला.