प्राध्यापकाच्या पेन्शनचं वय

‘मुलगा प्राध्यापक आहे, पेन्शनीची नोकरी आहे’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या लग्नाच्या मध्यस्थांनी इतकी वर्षं वापरलं की ही पेन्शन पेशवाईपासून चालत आली असावी, असं वाटावं. प्रत्यक्षात खासगी अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाला ती लागू झाली 1 ऑक्टोबर 1982 पासून, आणि राज्य सरकारने नव्या नेमणुकांसाठी जुनी पेन्शन बंद केली 1 नोव्हेंबर 2005 ला. जेमतेम 23 वर्षं. त्याआधीचे प्राध्यापक म्हातारपणाची सोय वेगळी लावत होते आणि नंतरचेही वेगळीच लावत आहेत.

सरकारी महाविद्यालयांची गोष्ट निराळी होती. पेन्शनचा कायदा 1871 चा, आणि डेक्कन किंवा एल्फिन्स्टनमधला प्राध्यापक हा सरकारी नोकर. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1893 साली डेक्कन कॉलेजातून संस्कृतचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यानंतर ते आणखी 32 वर्षं जगले. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 ला, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली आणि त्यांचा ग्रंथसंग्रह तिथे गेला. घरातल्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रत्येक निवृत्त प्राध्यापकाचा प्रश्न. भांडारकरांसाठी तो सुटायला एक संस्थाच उभी राहिली. बाकीच्यांची पुस्तकं आजही मुलं टेम्पोत भरून कुठल्या तरी वाचनालयाच्या दारात नेतात, आणि ग्रंथपाल जागा नाही म्हणून हात जोडतो.

पण महाराष्ट्रात महाविद्यालयं वाढली ती सरकारी नव्हे, सोसायट्यांची. त्यांचा साचा डेक्कन एज्युकेशन सोसायटीने घालून दिला. सोसायटी 1884 ची, फर्ग्युसन कॉलेज 1885 चं. आजीव सदस्याने 20 वर्षं सेवेची शपथ घ्यायची आणि पुढे ठरलेल्या महिना 75 रुपयांत संसार करायचा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतले, तेही याच अटींवर. सरकारी पेन्शनीच्या जागी सदस्यासाठी आयुर्विम्याची पॉलिसी असे. यातला हिशेब मला फार शहाणा आणि थोडा भीषणही वाटतो. माणूस म्हातारा होईल, ही त्या काळची पहिली भीती नव्हतीच. तो आधीच जाईल आणि बायकामुलं उघडी पडतील, ही भीती होती. ती खोटी नव्हती. गोपाळ गणेश आगरकर 1895 साली प्राचार्यपदावर असतानाच गेले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, अशी आठवण सांगितली जाते. उतारवयाची म्हणून त्यांची तेवढीच तरतूद.

75 रुपयांत भागत नसेल तर बाहेर कमवावं का, यावर सोसायटीत रणं माजली. आजीव सदस्याने सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरच्या मिळकतीच्या मागे लागू नये, असं टिळकांचं म्हणणं. इतर वादांबरोबर हाही वाद विकोपाला गेला आणि 1890 मध्ये ते बाहेर पडले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अंकगणिताचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. ते शाळांमधून खूप चाललं आणि 1902 साली, छत्तिसाव्या वर्षी, कॉलेज सोडून पूर्णवेळ सार्वजनिक कामात शिरताना त्याच्या मानधनाचा त्यांना आधार होता. पुढच्या पिढ्यांतल्या पाठ्यपुस्तकांचे, गाइडांचे, ‘अपेक्षित प्रश्नसंचां’चे लेखक या परंपरेत स्वतःला बसवत नाहीत. बसवायला हरकत नाही.

धोंडो केशव कर्वे 1914 साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि 1916 साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. निरोपसमारंभातल्या भाषणांत हे उदाहरण हमखास येतं. कर्वे शंभरी ओलांडून जगले, हे मात्र वक्ता सोयीने विसरतो.

स्वातंत्र्यानंतर गावोगाव कॉलेजं निघाली आणि विम्याची जागा प्रॉव्हिडंट फंडाने घेतली. पगारातून थोडं कापायचं, थोडं संस्थेने घालायचं, आणि शेवटच्या दिवशी एकरकमी चेक. तो घराच्या उरलेल्या कर्जात किंवा मुलीच्या लग्नात जायचा. पुढची वीस वर्षं मुलांकडे बघून. त्या पिढीतले कितीतरी सर निवृत्तीनंतर शिकवण्या घेत. ती हौस नव्हती.

मग 1982 उजाडलं. 15 ऑगस्टपासून राज्याचे नवे निवृत्तिवेतन नियम अमलात आले आणि 1983 च्या जुलैमध्ये निघालेल्या शासन निर्णयाने ते अनुदानित महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना मागच्या तारखेने, 1 ऑक्टोबर 1982 पासून, लावले. 30 सप्टेंबरला निवृत्त झालेला बाहेर, दुसऱ्या दिवशीचा आत. योगायोग असा की 17 डिसेंबर 1982 लाच सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात निवृत्तांमध्ये तारखेवरून भेद करण्याला चाप लावला होता. त्या घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. पण नवी योजना सुरू करताना तारीख धरणं आणि जुन्या योजनेत तारखेची भिंत घालणं, यांत कायदा फरक करतो. 30 सप्टेंबरवाल्या सरांना तो फरक कुणी कसा समजावला असेल, कोण जाणे.

पेन्शन आली आणि तयारीचं रूप पार बदललं. आता तयारी म्हणजे कागद. सेवापुस्तक नावाचं जाड बाड कार्यालयाच्या कपाटातून बाहेर निघतं. पहिली नेमणूक, विद्यापीठाची मान्यता, प्रत्येक वेतन आयोगातली वेतननिश्चिती, प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक रजा. आणि प्रत्येक नोंदीखाली प्राचार्यांची सही हवी. 1994 च्या एका नोंदीखाली सही राहिली असेल तर ते प्राचार्य हयात आहेत का, इथून शोध सुरू होतो. पतिपत्नीचा जोडफोटो काढायचा. ग्रंथालयाचं ना-देय प्रमाणपत्र आणायचं, आणि तिथे वीस वर्षांपूर्वी कुणा विद्यार्थ्याला आपल्या नावावर दिलेला शब्दकोश निघतो. मग फाइल सहसंचालकांकडे, तिथून मुंबईच्या नाहीतर नागपूरच्या महालेखापालांकडे. त्रुटी निघाली की परत. या सगळ्यात सर्वांत मोठं माणूस म्हणजे हेडक्लार्क. आयुष्यभर त्याच्याशी तुटक वागलेले विभागप्रमुख शेवटच्या वर्षी त्याला स्वतःहून चहा पाजतात.

पेन्शनची सोय झाली त्याच 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. एका हाताने पेन्शन दिली आणि दुसऱ्या हाताने पेन्शनबाहेरच्या प्राध्यापकांची पैदास सुरू केली. या शिक्षकांना साधी ग्रॅच्युइटी मिळायलाही लढावं लागलं. शिक्षक हा कायद्याच्या व्याख्येतला ‘कर्मचारी’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलं. संसदेने 2009 साली दुरुस्ती करून ती 1997 पासून लागू केली, आणि खासगी शाळांचं त्यावरचं आव्हान फेटाळलं गेलं ते ऑगस्ट 2022 मध्ये.

अनुदानितांतही फट पडलीच. सप्टेंबर 1991 ते एप्रिल 2000 या काळात नेट-सेट नसताना नेमलेल्या शिक्षकांचा प्रश्न प्राध्यापकांच्या 2013 च्या परीक्षा-बहिष्कारात ऐरणीवर आला. जूनमधल्या शासन निर्णयाने त्यांच्या सेवा नियमित केल्या, पण त्या दिवसापासून. आणि 2013 हे 2005 च्या पलीकडचं. वीस वर्षं शिकवलेला माणूस पेन्शनच्या हिशेबात नवशिका ठरत होता. प्रकरणं कोर्टात गेली आणि वर्षानुवर्षं चालली.

2005 नंतर रुजू झालेल्यांची तयारी पुन्हा वेगळी. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या 10 टक्के दरमहा कापून बाजारात. साठीला जमलेल्या रकमेतले किमान 40 टक्के अॅन्युइटीत घालायचे, बाकीचे हातात. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी सात दिवस संपावर गेले. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली आणि लगेच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली.

आज एकाच स्टाफरूममध्ये म्युच्युअल फंडाचा आलेख मोबाइलवर बघणारे चाळिशीतले सर आणि सेवापुस्तकाची झेरॉक्स सांभाळणाऱ्या अठ्ठावन्नच्या मॅडम शेजारी शेजारी बसतात. तिसऱ्या खुर्चीवर तासिका तत्त्वावरचा तरुण असतो. त्याला मे महिन्याचं मानधनही मिळत नाही. तो सध्या सेटच्या तयारीत आहे.