परमुलखातली चाकरी

प्राणहिता ओलांडली की मुलुख बदलतो, ही जाणीव सिरोंचा तालुक्यात पिढ्यानपिढ्या मुरलेली आहे. कारण १८५३ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांद्याचा मुलुख इंग्रजांच्या अंमलाखाली गेला आणि १८६० च्या तहान्वये गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके निजामाने ब्रिटिशांच्या हवाली केले, तेव्हापासून प्राणहितेच्या अलीकडे एका सरकारचा हुकूम चाले आणि पलीकडे दुसऱ्याचा. पोटासाठी अथवा धन्याच्या जाचाला कंटाळून जो माणूस नावेत बसून पैलतीरी उतरे, त्याला तिथे जात नव्हती, जमीन नव्हती, ओळखीचा पाटील नव्हता, आणि दाद मागावी असा दरबारही नव्हता. घरकामासाठी आखाती देशांत जाणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांची वर्णने आज आपण वाचतो आणि त्या प्रश्नाकडे विमानयुगाचे अपत्य म्हणून पाहतो. परंतु परमुलखात चाकरी करणाऱ्याच्या दैन्याचा इतिहास चांदा आणि गडचिरोलीच्या अरण्यात फार जुना आहे, आणि तो नीट पाहिल्यावाचून आजच्या प्रश्नाचे मूळ हाती लागत नाही.

जुन्या चांदा जिल्ह्याच्या पूर्वभागात लहानमोठ्या वीस जमीनदाऱ्या होत्या. त्यांत अहेरीची सर्वांत विस्तीर्ण. ह्या इलाख्यातील गोंड आणि माडिया रयतेवर रोख सारा फारसा नव्हता, कारण तिच्याजवळ रोकड नव्हती. तिच्याजवळ होते ते हात आणि खांदे, आणि वसुली झाली ती त्यांचीच. जमीनदाराच्या खुदकास्त जमिनीवर नांगर धरणे, त्याचे घर शाकारणे, कुडाला बांबू तोडून आणणे, जळणफाटा पोचवणे, ही सारी कामे वहिवाटीने बिनमोल होती. सरकारी अंमलदाराचा मुक्काम पडला म्हणजे तर गावाच्या तोंडचे पाणी पळे. कोतवाल आदल्या दिवशी दवंडी देई. पुरुषांनी तंबूचे ओझे मागल्या गावाहून उचलून आणावे, घोड्यांना गवत आणि स्वयंपाकाला लाकूड पुरवावे, रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवून वाघापासून राखण करावी. बायकांनी ओढ्यावरून पाणी भरावे, दळण दळावे, मुक्कामाची जागा सारवून घ्यावी. कोंबड्या आणि अंडी घरटी गोळा व्हावी. धान कापणीला आले असेल तर ते शेतातच झडून जाई, पण सरबराई चुकत नसे. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन ह्या सनदी अधिकाऱ्याने मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची सरकारतर्फे चौकशी करून १९४४ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात बेगारीचा विचार त्याला विस्ताराने करावा लागला, ह्यावरूनच ती प्रथा ब्रिटिश अंमलाच्या अखेरपर्यंत किती जिवंत होती हे ध्यानात यावे. राखीव जंगलात वनखात्याने वसवलेल्या वनग्रामांची कथाही ह्याहून फार निराळी नव्हती: जमीन कसू द्यायची ती अशाच अटीवर, की खात्याला लागतील तेव्हा मजूर हजर असावेत.

मैदानी भागात मालगुजाराच्या घरी सालगडी असे. त्याचे साल ठरे, धान्य ठरे, लग्नकार्यासाठी घेतलेली उचल त्याच्या नावावर मांडली जाई. परंतु त्याच्याबरोबर त्याची बायको शेणगोठा करणार, वाड्यातली भांडी घासणार, बाळंतिणीचे पाणी तापवणार, हे कोणत्याही वहीत मांडले जात नसे. घरकाम करणारीच्या श्रमाला मोल नाही ही समजूत आपल्या समाजात कोठून आली असे जे विचारतात, त्यांनी त्या वह्या चाळाव्या. गड्याच्या नावापुढे धान्याच्या पायल्या सापडतील; गड्याच्या बायकोचे नावही सापडणार नाही.

नदीपलीकडे, निजामाच्या तेलंगणात, हीच व्यवस्था अधिक निष्ठुर होती. तिथे वेट्टी होती, म्हणजे आपलीच वेठ. शिवाय भगेला होता, जो एकदा घेतलेल्या कर्जापोटी सावकाराच्या शेतात आणि घरात राबे, आणि त्याच्यामागे पुष्कळदा त्याचा मुलगा राबे. हैदराबाद सरकारने १९३६ साली भगेल्यांच्या करारांचे नियमन करणारा कायदा केला खरा. पण ज्याला अक्षरओळख नाही आणि ज्याचा दस्तऐवज धन्याच्या पेटीत आहे, त्याला त्या कायद्याचा कितीसा आधार मिळणार?

ह्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत उद्बोधक वाटते ती इंग्रजी कायद्याची वाटचाल. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयाची मान्यता नाहीशी झाली. पुढे १८६० च्या दंडसंहितेत ३७४ व्या कलमाने कोणाकडून बळजबरीने काम करवून घेणे हा अपराध ठरला. परंतु १८५९ च्या तेराव्या कायद्याने, उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे खेचण्याची आणि त्याने हुकूम मोडल्यास तीन महिने सक्तमजुरीला धाडण्याची सोय मालकवर्गाला करून दिली होती; आणि ज्या दंडसंहितेने बळजबरी निषिद्ध मानली, तिच्याच ४९२ व्या कलमाने मालकाच्या खर्चाने दूरच्या ठिकाणी नेलेला नोकर लेखी करार मोडून निघून गेल्यास त्याला एक महिन्यापर्यंत कैद अथवा प्रवासखर्चाच्या दुपटीपर्यंत दंड सांगितला. धन्याने छळ केला असल्यास सूट होती. परंतु तो छळ परक्या गावी, परक्या भाषेत कोणी शाबीत करावा? पैशाचा व्यवहार हा वास्तविक दिवाणी दाव्याचा विषय. तो मजुराच्या बाबतीत तेवढा फौजदारी ठरला, आणि पळून जाणे हा गुन्हा झाला. १९२५ च्या एका कायद्याने ह्या तरतुदी रद्द झाल्या. तथापि ज्या कफाला पद्धतीने आखाती देशांत परदेशी कामगारांना कित्येक दशके बांधून ठेवले, तिच्यात काय निराळे आहे? घर सोडून गेलेल्या मोलकरणीविरुद्ध ‘फरारी’ अशी वर्दी द्यावी, पारपत्र आपल्या कपाटात ठेवावे, तिला आणण्याचा खर्च तिच्या पगारातून वळता करावा: ४९२ व्या कलमाचा आत्मा त्या वाळवंटात आजही वावरतो आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ वा ठराव संमत केला आणि पारपत्र स्वतःजवळ बाळगण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नोंदवला. भारताने त्या ठरावाच्या बाजूने मत दिले, परंतु त्यावर अनुमोदनाची मोहर अद्याप उठवलेली नाही. आपल्या लेकींसाठी दुसऱ्या देशाकडे न्याय मागताना ही उणीव आड येते, हे राज्यकर्त्यांना कोणी तरी बजावले पाहिजे.

स्वराज्यात कायदे पुष्कळ झाले. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बेगार निषिद्ध ठरली, १९५१ साली जमीनदाऱ्या गेल्या, १९७६ च्या अधिनियमाने वेठबिगाराचे कर्जच नाहीसे केले आणि वेठीस धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली, आणि १९७९ च्या कायद्याने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी ठेकेदाराला परवाना, कामगाराला छायाचित्रासह पासबुक आणि जाण्यायेण्याचे भाडे बंधनकारक केले. तरीही धानाची कापणी-मळणी आटोपली की गडचिरोली आणि चांद्याच्या खेड्यांतून टोळ्याच्या टोळ्या मिरची तोडायला खम्मम आणि वरंगळच्या बाजूला निघतात. मुकादम उचल देतो, गाडी आणतो. शेताच्या बांधावर ताडपत्रीच्या खोपटात मुक्काम पडतो. दिवसभर मिरची खुडून बोटांची आग रात्रीसुद्धा शमत नाही, आणि त्याच हातांनी बाईला भात शिजवायचा असतो, तान्ह्याला घ्यायचे असते. हिशेब हंगामाच्या अखेरीस, आणि वही मुकादमाची.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हे सारे उघडे पडले. हजारो माणसे तेलंगणातून रानवाटांनी, नद्या उतरून, पायी परतली. शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातील बारा वर्षांची एक मुलगी अशाच मिरचीच्या शेतातून चालत येताना त्या एप्रिलमध्ये वाटेतच गतप्राण झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात, वाटेत किती स्थलांतरित मेले ह्याची नोंद आपल्यापाशी नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. पासबुकाचा कायदा होऊन तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती.

गडचिरोली जिल्ह्यातच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. ज्या गावाला आपल्या जंगलाचा हिशेब ठेवता येतो, त्याला आपल्या माणसांचाही ठेवता येईल. माझी प्रत्येक ग्रामसभेला कळकळीची विनंती आहे, की मिरचीची गाडी गावातून हलण्यापूर्वी कोण जात आहे, कोणाबरोबर, कोणत्या गावी, किती उचल घेऊन आणि कोणत्या दराने, हे ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्यावे, स्त्रियांची नावे नवऱ्याच्या नावाखाली न घालता स्वतंत्र लिहावी, मुकादमाची सही घ्यावी, आणि त्या पानाची प्रत तहसीलदाराकडे धाडावी.