चक्रव्यूह, चकवा आणि गुंता

वर्षानुवर्षे लांबलेल्या दाव्याला किंवा कचेरीतील कागदांच्या फेऱ्याला ‘चक्रव्यूह’ म्हणण्याची रूढी आजच्या मराठीत पक्की झाली आहे. वाट न सापडणे हाच या शब्दाचा अर्थ समजला जातो. मूळ शब्दात तो नाही. ‘व्यूह’ म्हणजे सैन्याची योजनापूर्वक केलेली मांडणी. अव्यवस्था नव्हे, व्यवस्थाच.

द्रोणपर्वातील तेराव्या दिवसाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. तेथे अभिमन्यू वाट चुकत नाही. व्यूह भेदण्याचा उपदेश पित्याकडून मिळाला आहे, परंतु संकट ओढवल्यास बाहेर पडता येणार नाही, असे तो युधिष्ठिरास आधीच सांगतो. (गर्भावस्थेतील श्रवणाची लोकप्रिय कथा या स्थळी येत नाही.) मागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथ अडवून धरतो आणि अभिमन्यू एकाकी पडतो. त्याचा घात वळणांनी केला नाही. पाठीमागे मिटलेल्या वाटेने केला. हा भेद नजरेआड झाला की जुन्या युद्धवर्णनांचा अर्थ लावताना अभ्यासक हमखास फसतो.

अर्थांतराची एक पायरी कर्नाटकात हळेबीड येथे दिसते. होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर हा व्यूह वेटोळ्या वाटेच्या आकृतीने कोरलेला आहे. सैन्याची रचना दगडात उतरताना तिला वाटेचे रूप आले.

वाट हरवण्यासाठी बोलीत मात्र स्वतंत्र शब्द होताच. वऱ्हाडात कारंजा तालुक्यातील कामरगाव (हा भाग १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता, आता वाशीम जिल्ह्यात आहे) घ्या किंवा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही खेडे घ्या. रात्री ओळखीच्या शिवारातून चालणारा मनुष्य फिरून फिरून त्याच बांधाशी येऊ लागला, की त्याला ‘चकवा लागला’ असे म्हणतात. येथे भिंत नाही, दार नाही, रचणारा सेनापतीही नाही. उजाडले की वाट होती तेथेच असते. तिसरा शब्द ‘गुंता’. तो सुताचा. त्यातही कोणाचा हेतू नसतो, पण टोक हाती आले तर तो सुटतो.

हे तीन शब्द समानार्थी मानणे म्हणूनच सयुक्तिक नाही. अडचण कोणी रचली, या प्रश्नाला प्रत्येकाचे उत्तर निराळे आहे. एकाच दाव्याला पक्षकार ‘चक्रव्यूह’ म्हणतो आणि कारकून ‘गुंता’ म्हणतो, तेव्हा पहिला आरोप करीत असतो व दुसरा तो नाकारीत असतो.