‘गोल्डन अवर’ आला कुठून?

‘अपघातानंतरचा पहिला तास सोन्याचा’ असं तुम्हीही कधी लिहिलं असेल. संदर्भ काय दिला होतात? हा शब्द रूढ केला बाल्टिमोरचे सर्जन आर. ॲडम्स काउली यांनी. २००१ मध्ये लर्नर आणि मॉस्काटी यांनी त्याचं मूळ शोधलं, तर साठच मिनिटं का, याला भक्कम पुरावा मिळेना. तरी २००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानातल्या गंभीर जखमी सैनिकांना तासाभरात उपचारांपर्यंत पोचवायचा आदेश दिला. पोचवण्याचा मध्यक वेळ ९० मिनिटांवरून ४३ वर आला. मृत्यूंचं प्रमाणही घटलं. मग सिद्ध झालं? थांबा. त्याच काळात जखमींना लवकर रक्त मिळायची सोयही सुधारली होती. वेळ महत्त्वाचा आहेच. पण त्याला सगळं श्रेय देण्याआधी सोबत आणखी काय बदललं, तेही तपासा.