पूर्वज विकणे आहे

पूर्वज ही अशी चीज आहे की ती फुकट मिळते आणि एकदा मिळाली की बदलून मिळत नाही. आपल्याकडे तरी असंच मानतात. ज्याच्या वाट्याला जे आजोबा आले त्यांची तसबीर भिंतीवर लावायची, दिवाळीला पुसायची, चंदनाचा हार घालायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. इंग्रज मात्र जातीचा व्यापारी. त्याने पूर्वजांचीसुद्धा बाजारपेठ उभी केली. लंडनमध्ये १७४४ साली सॉदबीजचा आणि १७६६ साली क्रिस्टीजचा लिलावाचा धंदा सुरू झाला. पुढे तिथे दुसऱ्यांचे काके, मामे, आत्या आणि पणज्या ‘एक वार, दोन वार, तीन वार’ होऊन सोनेरी चौकटीसकट विकल्या जाऊ लागल्या.

लिलाव म्हणजे काय हे आम्हा बँकवाल्यांना कोणी शिकवायला नको. तारण ठेवलेलं सोनं सोडवायला कोणी आलं नाही की आम्हीही लिलाव पुकारतो. पण सोन्याचं एक बरं असतं. वजन करा, कस लावा, त्या दिवसाच्या भावाने गुणा, की झालं. एखाद्या अनोळखी साहेबाच्या नाकाडोळ्यांना कस कसा लावणार? लोक परक्यांची तोंडं पदरचे पैसे घालून घरी का आणतात, हा प्रश्न मला पडला आणि मी त्या इतिहासात शिरलो.

या वेडाचं बरंचसं पाप एका खेड्यातल्या पाद्र्याच्या माथी जातं. जेम्स ग्रेंजर त्यांचं नाव. ऑक्सफर्डशायरमधल्या शिपलेक गावचे धर्मगुरू. १७६९ साली त्यांनी इंग्लंडचा एक चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला. एग्बर्ट राजापासून १६८८ च्या राज्यक्रांतीपर्यंत कोणाकोणाची छापचित्रं निघाली आहेत, त्याची ती सटीप यादी. यादीचे १२ वर्ग. पहिल्यात राजघराणं. बाराव्यात एखाद्याच गोष्टीमुळे नाव झालेली साधी माणसं, म्हणजे फार वर्षं जगलेले म्हातारे, शिक्षा झालेले गुन्हेगार वगैरे. मी माझ्यापुरतं पाहून ठेवलं. माझ्यासारख्या कारकुनाला सरळ मार्गाने त्या यादीत शिरायचं असेल तर खूप वर्षं जगणं हा एकच उपाय दिसतो.

पुस्तकात यादी होती, चित्रं नव्हती. वाचकांनी ती आपापल्या खर्चाने मिळवून आत चिकटवायला सुरुवात केली. ज्या छापचित्रांना कालपर्यंत कोणी विचारत नव्हतं त्यांचे भाव चढले. मग लोकांनी कात्र्या काढल्या आणि जुन्या ग्रंथांतली चित्रं कापण्याचा सपाटा लावला. इंग्रजीत या उद्योगाला ‘ग्रेंजराइझ करणं’ असं चक्क क्रियापद आहे. ज्या माणसाने सगळ्यांची नावं नीट लावून ठेवली, त्याचं स्वतःचं नाव असं कात्रीला चिकटलं! ग्रेंजर १७७६ साली वारले आणि त्यांचा १४,००० हून अधिक चित्रांचा संग्रह दोन वर्षांच्या आत विकून मोकळा झाला.

ही कात्री पुढे डचेसच्या पायांपर्यंत पोचली. डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना हिचं गेन्सबरोने काढलेलं सुंदर व्यक्तिचित्र घराण्याच्या वाड्यातून कधीतरी गहाळ झालं. ते १८४१ साली सापडलं एका वृद्ध शिक्षिकेच्या घरी, शेकोटीच्या वर टांगलेलं. जागा कमी म्हणून बाईंनी डचेसचे पाय कापून टाकले होते! एका चित्रविक्याने ते ५६ पौंडांना घेतलं. १८७६ साली क्रिस्टीजच्या लिलावात तेच चित्र अ‍ॅग्न्यू नावाच्या व्यापाऱ्याने १०,००० गिन्यांना घेतलं.

इथे गिनीचा खुलासा केला पाहिजे. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे एक पौंड आणि वर एक शिलिंग. हे नाणं पाडणं १८१४ सालीच बंद झालं होतं, पण साहेब बोली गिनीतच लावत राहिला. आपल्या एकशे एक रुपयांच्या आहेराचाच हा विलायती अवतार. तेव्हा १०,००० गिन्या म्हणजे १०,५०० पौंड. ५६ पौंडांचे ३५ वर्षांत १०,५०० म्हणजे सुमारे १६ टक्के चक्रवाढ व्याज झालं, आणि तेही पाय नसताना! (घेणाऱ्याच्या माथी वेगळी १० टक्के दलाली मारण्याची युक्ती या दोन्ही पेढ्यांना लंडनमध्ये १९७५ साली सुचली. तोवर त्यांना ती कशी सुचली नाही, हेच नवल.)

पण गोष्ट इथे संपत नाही. लिलावानंतर महिन्याच्या आतच अ‍ॅडम वर्थ नावाच्या नामांकित चोराने रात्री दुकानात शिरून डचेस चौकटीतून कापून नेली. पुन्हा कात्रीच! त्याने ती जवळजवळ २५ वर्षं विकली नाही. १९०१ साली परत मिळाल्यावर ती अमेरिकन धनको जे. पी. मॉर्गनकडे गेली. शेवटी १९९४ साली डेव्हनशरच्या अकराव्या ड्यूकने सॉदबीजच्या लिलावात सुमारे ४ लाख डॉलर मोजून तिला चॅट्सवर्थच्या वाड्यात परत आणलं. स्वतःच्या पणजीच्या पणजीसाठी बोली लावायची वेळ यावी, यापरता मानी घराण्याचा मानभंग तो कोणता?

अमेरिकन लोकांचं म्हणाल तर त्यांच्याकडे पैसा होता, वाडे होते, फक्त भिंतीवर लावण्याजोगे पूर्वज कमी पडत होते. तो पुरवठा जोसेफ ड्युवीन या दलालाने केला. गेन्सबरोचाच ‘ब्लू बॉय’ त्याने १९२१ साली रेल्वेवाल्या हेन्री हंटिंग्टनला ७ लाख डॉलरच्या वर विकला. जाण्यापूर्वी, जानेवारी १९२२ मध्ये, नॅशनल गॅलरीत त्याला निरोप द्यायला ९०,००० माणसं लोटली. आता गंमत पाहा. हा निळ्या कपड्यांतला मुलगा कोण? लोखंडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, असं वर्षानुवर्षं सांगत आले. अलीकडे काही जाणकार म्हणतात, तो चित्रकाराचा भाचा असावा. निरोपाला ९०,००० माणसं, आणि नाव नक्की नाही!

लिलावाच्या याद्या चाळताना हेच मनाला लागतं. चित्रकाराच्या बाबतीत त्या फार काटेकोर. नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर चित्र खुद्द त्याचं. ‘अ‍ॅट्रिब्युटेड टु’ म्हणजे बहुधा त्याचं. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या घरातलं, ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या आळीतलं, ‘मॅनर ऑफ’ म्हणजे नुसता थाट त्याचा आणि ‘आफ्टर’ म्हणजे नक्कल. पण ज्याचा चेहरा आहे त्या बिचाऱ्याची नोंद पुष्कळदा एवढीच असते: ‘एका सद्गृहस्थाचे चित्र’. त्या सद्गृहस्थाने ऐन उमेदीत, नवा कोट घालून, तासन्‌तास बसून, रोख पैसे मोजून हे चित्र काढून घेतलेलं असतं. कशासाठी? आपण कोण होतो हे पुढच्यांना कळावं म्हणून!

छापचित्रांचं नशीब थोडं बरं. त्यांत चित्राखाली डाव्या कोपऱ्यात चित्रकाराचं, उजव्या कोपऱ्यात खोदणाऱ्याचं आणि मधोमध त्या माणसाचं नाव असायचं. पण शौकिनांची रीतच उफराटी. नाव खोदण्यापूर्वी काढलेल्या पहिल्या प्रतींना ते जास्त पैसे मोजत. आणि ज्या प्रतींवर नाव होतं, त्यांतल्या कितीतरी लोकांनी समास कापून वह्यांत चिकटवल्या. चेहरा राहिला, नाव केराच्या टोपलीत गेलं.

नाव राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईला आला आणि पुढे पुण्याला पेशव्यांच्या दरबारी गेला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं एकत्र चित्र काढलं. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. वेल्स १७९५ साली इकडेच वारला. आपल्याला नानांचा चेहरा ओळखीचा वाटतो तो बराचसा या परक्या माणसाच्या कुंचल्यामुळे, आणि चित्राबरोबर नावही टिकलं म्हणून. नाहीतर साडेतीन शहाण्यांपैकी एकाचीही नोंद ‘पगडीवाले एक सद्गृहस्थ’ अशी व्हायला वेळ लागली नसती.

हे सगळं वाचल्यावर मी आमच्या घरातला १३ माणसांचा जुना ग्रुप फोटो भिंतीवरून उतरवला. त्यातली माणसं ओळखू शकेल अशी आता एकटी आत्या उरली आहे. वय ८४. तिला चष्मा दिला आणि शिसपेन्सिल घेऊन शेजारी बसलो.

“हा कोण गं, आत्या?”

“अरे, हा आमचा विष्णुकाका. बासुंदीची पैज लावून जिंकला होता.”

ग्रेंजरसाहेबांचा बारावा वर्ग! मी नाव लिहिलं, बासुंदीही लिहिली. अशी १२ नावं झाली. मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापाशी आत्या बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “आठवत नाही रे. असेल आपल्यातलाच कोणीतरी.”

मी फोटोच्या मागे लिहिलं, ‘तेरावा: आपल्यातलाच’. खाली तारीख घातली आणि सही केली. बँकेची सवय, दुसरं काय!